राजीनामा मागू नका, कमी केल्याचं पत्र द्या

ऐरोली, घणसोली, महापे आणि वागळे इस्टेट इथल्या कंपन्यांच्या एचआर प्रमुखांस,

स. न. वि. वि.

मी तुमच्याच धंद्यातला जुना माणूस. वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात ३१ वर्षं पर्सोनेल खात्यात काढली. तेव्हा एचआर हा शब्द नव्हता. कामगार आम्हाला 'टाइम ऑफिसवाले' म्हणत, आणि पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो कारखाना आता नाही. आमच्या प्रेस शॉपच्या जागी तुमच्यापैकीच कुणाच्या तरी इमारतीचं बेसमेंट पार्किंग आहे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. बुधवार होता, सूनबाईंचा घरून कामाचा दिवस. नऊ वर्षं ऐरोलीत एकाच कंपनीत. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मीटिंगचं बोलावणं आलं, विषयाच्या जागी नुसतं 'चर्चा'. समोर दोघं, त्यातल्या एकाचा कॅमेरा बंद. बारा मिनिटांत आटोपलं. तुमचा रोल आता राहिलेला नाही. उद्या संध्याकाळी सहापर्यंत पोर्टलवर राजीनामा टाका. टाकलात तर दोन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर. नाही टाकलात तर रेकॉर्डवर 'टर्मिनेटेड' जाईल, मग पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन आलं की आमचा नाइलाज.

ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली आणि मला हाक मारली. राजीनाम्याचं कारण निवडायला पोर्टलवर एक यादी उघडत होती. वैयक्तिक कारण. उच्च शिक्षण. अधिक चांगली संधी. प्रकृती. विवाह. स्थलांतर. मी चष्मा लावून ती यादी वरून खाली दोनदा वाचली. 'कंपनीने सांगितलं म्हणून' असं कारण तिथे नव्हतं.

तिच्या टीममध्ये आठ जण इथे, तिघे टेक्ससमध्ये, चौघे जर्मनीत. टेक्ससमधल्या एकाला त्याच दिवशी काढलं, लॅपटॉप तासाभरात बंद. पण त्याच्या हातात पत्र आहे: तुमची जागा रद्द केली, तारीख अमुक. जर्मनीतल्यांना अजून काहीच मिळालेलं नाही, कारण तिथल्या कामगार प्रतिनिधींच्या मंडळाशी कंपनीची बोलणी चालू आहेत. तिने विचारलं, "बाबा, काम एक, टीम एक, मग असं कसं?" मी म्हटलं, कायदे वेगळे. त्यावर ती म्हणाली, "ते कळलं हो. वेगळे का?"

सगळं आयुष्य कामगार कायद्यात गेलं आणि या 'का'ला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या मंडळींच्या तोंडी नेहमी असतं, तिकडची संस्कृतीच वेगळी. मला ते पटत नाही. जर्मन मालक काही जन्मतः मायाळू नसतो. नोकरीच्या संरक्षणाचा कायदा म्हणजे कुठल्या तरी जुन्या भांडणानंतर झालेला तह. भांडण कोणात झालं, मध्यस्थ कोण होता आणि धंदा बसला तर खड्ड्यात कोणी उतरायचं, हे त्या तहात लिहून ठेवलेलं असतं. देशोदेशी भांडणं वेगळी, म्हणून तह वेगळे.

अमेरिकेचं सोपं आहे. १८७७ मध्ये तिथल्या एका वकिलाने आपल्या ग्रंथात लिहिलं की मुदत ठरलेली नसेल तर नोकरी दोन्ही बाजूंच्या मर्जीवर. कामगार केव्हाही जाईल, मालक केव्हाही काढील. न्यायालयांनी ते उचलून धरलं. आजही माँटाना हे एक राज्य सोडलं तर तिथे मूळ नियम तोच. वंश, धर्म, लिंग या कारणांवरून काढता येत नाही, आणि १९८८ च्या कायद्याने १०० किंवा जास्त माणसांच्या कंपनीला मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नुकसानभरपाई द्यायलाच हवी असं कायद्यात नाही. पण १९३५ पासून बेकारी विमा आहे. ज्याला काढलं त्याला तो मिळतो, जो आपणहून सोडतो त्याला सहसा मिळत नाही. म्हणून टेक्ससच्या माणसाला पत्र हवंच असतं, आणि कंपनीलाही ते द्यायला संकोच नसतो. कायदा इतका सैल आहे की लपवण्यासारखं काही उरतच नाही.

डेन्मार्कमध्येही काढणं फार अवघड नाही. १८९९ मध्ये तिथे मोठी टाळेबंदी झाली आणि तिच्या शेवटी समझोता: माणसं ठेवणं-काढणं मालकाच्या हाती, त्या बदल्यात युनियनला मान्यता. पुढे त्यात सरकारचा पैसा आला. आज बेकारी निधीचा सभासद असलेल्याला जुन्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत, वरची मर्यादा सांभाळून, दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळतो. खड्ड्यात सरकार उतरतं.

जपानचा तह न्यायालयांनी लिहिला. युद्धानंतर तिथे कंपन्या आणि युनियन यांच्यात कडाक्याचे संप झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितलं की सबळ, समाजाला पटेल असं कारण नसेल तर काढणं म्हणजे हक्काचा गैरवापर. कायद्याच्या पुस्तकात हे शब्द आले ते थेट २००३ मध्ये. पण याची किंमत कामगाराने मोजली. त्याच न्यायालयाने १९८६ मध्ये, घरच्या अडचणीमुळे दुसऱ्या शहरात बदलीवर न जाणाऱ्या माणसाची बडतर्फी कायम केली. नोकरी पक्की, पण कंपनी पाठवील तिथे जायचं. आणि ज्यांना या तहात जागा नाही असे कंत्राटी, अर्धवेळ लोक तिथे एक तृतीयांशाहून जास्त आहेत. हे वाचून तुम्हाला कॉन्ट्रॅक्टरचे लोक आठवले असतील. मलाही आठवले.

आता जर्मनी, आणि इथे जरा थांबतो, कारण माझी जुनी सल इथेच आहे.

जर्मनीत दहापेक्षा जास्त माणसं असतील आणि नोकरीला सहा महिने झाले असतील तर कारणाशिवाय काढता येत नाही, हा १९५१ चा कायदा. धंद्यापायी कपात करायची तर निवडताना नोकरीची वर्षं, वय, पोसायची माणसं आणि अपंगत्व पाहावं लागतं. पण खरी मेख दुसरीकडे आहे. तिथे निवडून आलेलं कामगार मंडळ असेल तर प्रत्येक बडतर्फीआधी त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं. न ऐकता काढलं तर ते काढणं रद्दबातल. हे मंडळ १९२० च्या कायद्यातून आलं, पहिल्या महायुद्धानंतरच्या क्रांतीच्या धुमश्चक्रीतून. म्हणजे कायद्याचा पहारेकरी मंत्रालयात बसत नाही, त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसतो आणि त्याच कँटीनमध्ये जेवतो.

अशी समिती आपल्याकडेही होती, बरं का. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं तिसरं कलम: १०० किंवा जास्त कामगार असतील तिथे वर्क्स कमिटी, मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखे. आमच्याकडे तिचा चिटणीस मीच होतो. इतिवृत्ताची वही मी कितीतरी वर्षं लिहिली. चपात्या जाड येतात. सेकंड शिफ्टला चहा थंड मिळतो. गणपतीच्या वर्गणीची कपात पगारातून करावी. सायकल स्टँडवर पत्रा टाकावा. एकदा एका मिलिंग ऑपरेटरने विचारलं, की नवीन मशीन येतंय म्हणतात, मग आमच्या चार जणांचं काय? वर्क्स मॅनेजर म्हणाले, हा विषय अजेंड्यावर नाही. मी वहीत लिहिलं, 'विषय अजेंड्यावर नाही.' तेवढंच.

गंमत पाहा. १९७६ मध्ये जर्मनीने २,००० पेक्षा जास्त माणसांच्या कंपन्यांत वरच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांना दिल्या. त्याच वर्षी, आणीबाणीत, आपण दोन गोष्टी केल्या. एक, ४२ व्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचं कलम ४३-अ आणलं, पण मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात मागता येणार नाही अशा जागी. दुसरी, विवाद कायद्यात नवं प्रकरण घातलं: ३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपात करायची, कुलूप लावायचं तर सरकारची परवानगी. पुढे १९८२ च्या दुरुस्तीने हा आकडा १०० वर आला. जर्मनीने कामगाराला खुर्ची दिली, आपण सरकारला शिक्का दिला.

हेही आकाशातून पडलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने संप टाळायला एक नियम केला होता, तंटा झाला की सरकार तो लवादाकडे पाठवणार. युद्ध संपलं तरी सवय राहिली, ती १९४७ च्या कायद्यात उतरली. तेव्हापासून आपल्याकडे मालक आणि कामगार एकमेकांशी कमी आणि सरकारशी जास्त बोलतात. २००४ मध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी ८५ देशांचे कामगार कायदे ताडून पाहिले आणि मांडलं, की ज्या देशांत इंग्रजी वळणाचं न्यायशास्त्र तिथे कायदे सैल, फ्रेंच वळणाचं तिथे कडक. ढोबळमानाने असेल तसं. पण आपलं न्यायशास्त्र इंग्रजी आणि कपातीला परवानगी सरकारची! फ्रान्सने अशीच परवानगी १९७५ मध्ये आणली आणि १९८६ मध्ये काढूनही टाकली. आपली टिकली.

टिकली ती कशी, हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण पळवाटा मीच खणल्या. हा १०० चा आकडा आल्यावर आमच्या मस्टरवर कायम ९८ नावं असत. नव्व्याण्णवावा माणूस लागला की तो कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर. टेम्पररी कामगाराचे २४० दिवस भरत आले (तेवढे भरले की त्याला कायद्याचं संरक्षण लागायचं) की आठवडाभर आधी ब्रेक. लाल पेन्सिलीने कॅलेंडरवर खुणा करायचो. आणि ज्याला काढायचं त्याला काढायचं नाही, बोलवून घ्यायचं. १९८७ मध्ये एका ड्रिलिंगवाल्याला असंच बोलावलं. लोकमान्यनगरला राहायचा, हाताची दोन बोटं कामावरच गेलेली. समोर कागद ठेवला. मजकूर मीच टाइप केला होता: 'घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.' त्याने विचारलं, साहेब, माझ्या घरी तर काही अडचण नाही. मी म्हटलं, सही करा, हिशोब आजच मिळेल. त्याने केली.

सूनबाईंच्या पोर्टलवरचं 'वैयक्तिक कारण' वाचताना मला तो कागद आठवला. इतक्या वर्षांत टाइपरायटर जाऊन यादी आली, वाक्य तेच.

पण आमच्या वेळी निदान कायद्याची भीती होती. तुम्हाला कसली आहे? सरकारी परवानगीची अट कारखाना, खाण आणि मळा यांनाच आहे, ऐरोलीच्या काचेच्या इमारतीला ती कधी नव्हतीच. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कारखान्यांसाठीही आकडा पुन्हा ३०० वर गेला. तुमच्यासाठी उरतं ते साधं: एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार, सरकारला कळवणं, आणि नव्या संहितेप्रमाणे नवं कौशल्य शिकण्यासाठी आणखी १५ दिवसांचा पगार. सूनबाईंचा हिशोब मी पाकिटाच्या मागे केला. नऊ वर्षांचे साडेचार महिने, नोटिशीचा एक, वर अर्धा. सहा महिने. पगारातला कुठला भाग धरायचा यावर तुम्ही वाद घालाल, घाला. ग्रॅच्युइटी तर पाच वर्षांवर दोन्हीकडून लागतेच. तुम्ही देऊ केले दोन महिने, आणि वर राजीनाम्याची सही. चार महिन्यांचा पगार वाचवायला एवढा खटाटोप? का हे सगळं वरच्या कचेरीला 'ऐरोलीत कपात शून्य, राजीनामे एवढे' असा तक्ता पाठवता यावा म्हणून?

तुम्ही म्हणाल, इंजिनिअर हा कामगारच नव्हे. न्यायालयं व्हिजिटिंग कार्डावरचं पद पाहत नाहीत, प्रत्यक्षात माणूस काय काम करतो ते पाहतात, आणि व्याख्येत तांत्रिक काम स्पष्ट लिहिलेलं आहे. सूनबाईंच्या हाताखाली कोणी नाही. कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही. दिवसभर कोडमधल्या चुका शोधायच्या. आमच्याकडच्या टूलरूमवाल्याला मी कामगार म्हणत होतो, मग हिला काय म्हणू? पद मात्र 'असोसिएट मॅनेजर'.

तुम्ही हेही म्हणाल की राजीनामा तिच्याच भल्याचा, रेकॉर्ड स्वच्छ राहतं. तो डाग कोणी ठरवला? अमेरिकेत लोक राजरोस लिहितात की अमुक कंपनीने कपात केली, त्यात माझी जागा गेली, नोकरी शोधतोय. त्यात लाज कसली? आपल्याकडे 'टर्मिनेशन' या एकाच टोपलीत चोरी करणारा आणि जागा रद्द झालेला असे दोघेही तुम्हीच टाकता, आणि मग त्या टोपलीची भीती दाखवता. जाता जाता एक. ज्याला तुम्ही ले-ऑफ म्हणता, ते आपल्या कायद्यात ले-ऑफ नव्हेच. कच्चा माल नाही, वीज नाही म्हणून तात्पुरतं बसवून ठेवणं आणि निम्मा पगार देणं, त्याला ले-ऑफ म्हणतात. कायमचं कमी करण्याला वेगळा शब्द आहे, रिट्रेंचमेंट. तो तुमच्या पत्रव्यवहारात मला कुठेच दिसला नाही.

बरं, नोकरी गेल्यावर खड्ड्यात कोण उतरतं? कामगार विमा योजनेत बेकारीचा भत्ता आहे, पगाराचा काही भाग, तोही ठरावीक मुदतीपुरता. पण त्या योजनेत येण्याची मर्यादा महिना २१,००० रुपये. वागळेतल्या कामगार हॉस्पिटलच्या रांगेत उभा राहणारा त्यात बसतो, ऐरोलीची आठच्या पुढची लोकल पकडणारा बसत नाही. त्याला सरकार नाही, मंडळ नाही, युनियन नाही. त्याच्यामागे घर उभं राहतं. आमच्याकडे माझं पेन्शन, मुलाचा पगार आणि सूनबाईंच्या आईने न मागता पाठवलेले पैसे. फ्लॅटचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला.

ठाण्याहून खाडी ओलांडली की एक वेगळाच तह आहे, तो तुमच्या नजरेत कधी येत नाही. वाशीच्या बाजार समितीतला माथाडी. १९६९ चा महाराष्ट्राचा कायदा, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला. माथाडी कुठल्याही एका व्यापाऱ्याचा नोकर नाही, त्याची नोंद माथाडी मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. मंडळ त्याला पगार देतं, आणि फंड, ग्रॅच्युइटी, बोनस त्या लेव्हीतून निघतं. एका गाळ्यावर काम संपलं म्हणून माणूस रस्त्यावर येत नाही. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारेही पाहिलेत मी, उगाच गोडवे गात नाही. पण डोक्यावर पोती वाहणाऱ्यांनी जे मिळवलं ते पाठीवर लॅपटॉप वाहणाऱ्यांना माहीतही नसतं. तुमच्या कर्मचाऱ्यांनी एकदा तुर्भ्याला उतरून भाजी घेण्यापलीकडे चौकशी करावी.

मी तुमच्याकडे जर्मनी मागत नाही. नोकरी कायमची ठेवा असंही म्हणत नाही. धंदा बसतो, माणसं कमी करावी लागतात, मी स्वतः केलीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८२ चा करार आहे, सबळ कारणाशिवाय कोणाला काढू नका म्हणणारा. त्यावर भारताची सही नाही, अमेरिकेची नाही, आणि जर्मनी-जपानचीही नाही. तेव्हा सह्यांनी काही अडलंय असं नाही. अडलंय ते एवढ्यावरच, की काढल्याला काढलं म्हणायचं नाही. यासाठी संसदेत जावं लागत नाही. पोर्टलवरची यादी ज्याने बनवली त्याला सांगितलं की पुरे.

सूनबाईंनी गुरुवारी सहाच्या आत राजीनामा टाकला नाही. पावणेसहाला तिने मेल पाठवला, मसुदा तिचाच, मी फक्त एक ओळ खोडायला लावली, कारण ती रागाची होती. 'मी राजीनामा देत नाही. कंपनीला माझी जागा कमी करायची असल्यास तसं लेखी कळवावं.' तीन आठवडे झाले. पगाराचा एसेमेस वेळेवर आला, टॅग चालतोय, टीमच्या ग्रुपमधून मात्र काढून टाकलंय. रोज नऊला ती लॉगिन करून बसते.

पत्र मराठीतच असावं असा आमचा आग्रह नाही. तारीख, कारण आणि सही असली की झालं.

आपला,
एक निवृत्त पर्सोनेल ऑफिसर
वर्तकनगर, ठाणे